वेबसाइटची चिठ्ठी कोणाच्या नावे? व्यापारी बंधूंनी जरूर तपासावे

जळगाव-धुळ्याच्या कापड बाजारात आमची उमर गेली. सुरतेचा माल, मालेगावचे ग्रे कापड, गावोगावच्या दुकानदारांची उधारी, हा सारा हिशोब पूर्वी वहीत असे आणि वही तिजोरीत. आज तो वेबसाइटवर आहे. अमळनेर, चोपडा, शिरपूर, साक्रीचा दुकानदार मोबाइलवरून ऑर्डर टाकतो, आपली बाकी पाहतो. सोय मोठी झाली. परंतु तिजोरीची किल्ली कमरेला बांधणारे आम्ही, वेबसाइटचे दार कोणासाठी उघडे आहे हे कधी विचारले नाही. मागील वर्षी आमच्याच साइटमध्ये एक दोष सापडला. नुकसान झाले नाही, पण होऊ शकले असते. म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

दुकानदार पासवर्ड टाकून आत आला की साइट त्याच्या ब्राउझरला, म्हणजे क्रोमसारख्या प्रोग्रामला, एक पास देते. त्याला 'कुकी' म्हणतात. पुढे ब्राउझर तो पास दाखवून हिशोब आणतो. आता समजा, त्याच दुकानदाराने त्याच ब्राउझरमध्ये बक्षिसाची लालूच दाखवणारी एखादी परकी साइट उघडली. ते पान ब्राउझरला गुपचूप सांगू शकते, "जा, त्या कापडवाल्याकडून याचे खाते आण." मग खाते भामट्याच्या हाती का पडत नाही? कारण १९९५ च्या सुमारास नेटस्केप कंपनीने ब्राउझरमध्ये एक नियम घातला, जो आज सर्व ब्राउझर पाळतात. एका साइटचे उत्तर दुसऱ्या साइटच्या पानाला वाचू द्यायचे नाही.

पण कधी कधी वाचू द्यावे लागते. आमचे ऑर्डरचे पान एका पत्त्यावर आहे, हिशोबाचा सर्व्हर दुसऱ्या. अशा वेळी सर्व्हर उत्तरासोबत चिठ्ठी जोडतो : 'अमुक पत्त्याच्या साइटला हे वाचू द्यावे.' या पद्धतीला 'कॉर्स' म्हणतात. वेबचे नियम ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये तिला अधिकृत मान्यता दिली. जुन्या मंडळींना शाहजोग हुंडी आठवेल. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच मिळत, वाटेवरच्या कोणालाही नाही. ही चिठ्ठीही तशीच नावानिशी असली पाहिजे.

चूक येथेच होते. काम अडते, मालक घाई करतो, तेव्हा साइट बनवणारा चिठ्ठीवर नावाऐवजी फुली, म्हणजे 'स्टार', टाकतो. अर्थ, कोणीही वाचावे. जाहीर भावपत्रकाला हे चालेल. पास दाखवून आणलेले उत्तर मात्र फुली पाहून ब्राउझर कोणालाच देत नाही. मग तो दुसरी युक्ती करतो. जो पत्ता विचारील, त्याचेच नाव चिठ्ठीवर लिहायचे आणि 'पासासह चालेल' असा शेराही मारायचा. काम सुरू होते, बिल मिळते, दार उघडे राहते. आमच्याकडे नेमके हेच झाले होते. एका दुकानदाराला दिलेला भाव दुसऱ्याला कळला तर काय होते, हे बाजारात बसणाऱ्याला सांगणे नको.

हा धोका कल्पनेतला नाही. ब्रिटनच्या पोर्टस्विगर कंपनीतील संशोधक जेम्स केटल यांनी २०१६ साली दाखवून दिले की, याच चुकीमुळे एका बिटकॉइन बाजारातील ग्राहकांच्या गुप्त किल्ल्या चोरता आल्या असत्या, आणि किल्लीसोबत पैसाही. २०२० पासून क्रोमने परक्या साइटच्या सांगण्यावरून पास सहसा न दाखवण्याचा बंदोबस्त केला आहे. परंतु जेथे पान आणि सर्व्हर अगदी वेगळ्या नावांवर चालतात, तेथे काम होण्यासाठी तोच बंदोबस्त अनेकदा मुद्दाम काढला जातो. त्यावर विसंबू नये.

साइट बनवणाऱ्याला चार गोष्टी विचाराव्यात. एक, परवानगी असलेल्या पत्त्यांची ठरावीक यादी आहे काय? दोन, पत्ता पूर्ण जुळवला जातो की फक्त शेवट? शेवट पाहिला तर आपल्या नावापुढे चार अक्षरे जोडून कोणीही नवे नाव विकत घेईल. तीन, 'नल', म्हणजे बिनपत्त्याच्या पाहुण्याला परवानगी आहे काय? असा पाहुणा भामट्याला सहज उभा करता येतो. चार, बनावट पत्ता देऊन सर्व्हरला विचारून पाहिले काय? चिठ्ठीत तोच बनावट पत्ता परत आला, तर दोष आहे असे समजावे.

एक लक्षात ठेवावे. चिठ्ठी फक्त ब्राउझर मानतो. ब्राउझरशिवाय थेट सर्व्हरवर येणाऱ्या चोराला तिची पर्वा नाही. म्हणून कोण आला आणि त्याला काय पाहण्याचा हक्क आहे, हे सर्व्हरने दर वेळी स्वतः तपासलेच पाहिजे.

आमची दुरुस्ती अर्ध्या दिवसात झाली. फुली आणि युक्ती काढून एकच पत्ता लिहिला, एवढेच. गिऱ्हाइकाचे खाते ही आपल्याकडची अमानत आहे. दुकान बंद करताना कुलूप ओढून पाहतो, तसे हेही एकदा ओढून पाहावे.