साठ टक्के, संध्याकाळी सात वाजता

पहाटे साडेचार

मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. आपल्याकडे सहा वाजून माणसं चहाला लागतात तेव्हा तिथे साडेचार वाजलेले असतात आणि बेटावरची विजेची मागणी दिवसातल्या तळाला असते. सप्टेंबरमधला कामाचा कोणताही दिवस घ्या. वीज मंडळाच्या नियंत्रण कक्षात रात्रपाळीच्या अभियंत्याचं लक्ष सगळ्यात आधी एका आकड्याकडे जातं, 50 हर्ट्झ. तो खाली घसरला की वीज कमी पडते आहे, वर गेला की जास्त होते आहे. आपल्याकडे कोयनेचं एखादं यंत्र बंद पडलं तर देशभराच्या ग्रिडमधून वीज येऊ शकते. मॉरिशसला शेजारीच नाही. दोन हजार चौरस किलोमीटरहून थोडी जास्त जमीन, साडेबारा लाखांच्या आसपास माणसं आणि चहूकडे हिंदी महासागर. ज्या क्षणी जेवढी वीज लागते तेवढी त्याच क्षणी बेटावरच तयार व्हावी लागते.

2021 च्या ऑक्टोबरमध्ये, ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या तोंडावर, या देशाने जगाला लेखी वचन दिलं. आहे तसंच चालू राहिलं असतं तर 2030 मध्ये जेवढं उत्सर्जन झालं असतं त्यात 40 टक्के घट, विजेत 60 टक्के वाटा हरित ऊर्जेचा आणि कोळसा बंद. जगाच्या उत्सर्जनात मॉरिशसचा वाटा सुमारे 0.01 टक्का आहे. अशी वचनं आपण वर्षांच्या हिशेबात वाचतो. माझं म्हणणं असं की ती तासांच्या हिशेबात वाचावीत. अभियंत्याला वर्ष चालवायचं नसतं, पुढचा तास चालवायचा असतो.

सकाळी सहा

उजाडताना उसाचे ट्रक निघतात. गाळपाचा हंगाम साधारण जून ते डिसेंबर. एकेकाळी बेटभर साखर कारखान्यांची धुराडी होती, आज तीनच चालू आहेत: पूर्वेला युनियन फ्लाक, उत्तरेला बेल व्ह्यू आणि दक्षिणेला ला बाराक. काटा, गव्हाण, चरक हा क्रम सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला समजावून सांगायला नको. चरकातून रस गेला की मागे चिपाड उरतं, उसाच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास, आणि त्यात निम्मं पाणी. ते बॉयलरमध्ये जातं. वाफेवर कारखाना चालतो, टर्बाइन फिरतं आणि उरलेली वीज ग्रिडला मिळते.

या कामात मॉरिशस जगातल्या जुन्याजाणत्यांपैकी आहे. चिपाडाची वीज ग्रिडला विकायला तिथे 1957 मध्ये सुरुवात झाली. आपल्या सहकारी कारखान्यांत सहवीजनिर्मितीचं वारं वाहू लागलं त्याच्या कितीतरी आधी बेटावरच्या अभियंत्यांनी हे गणित सोडवलं होतं. 2000 मध्ये बेल व्ह्यूला 82 बार दाबाचे बॉयलर बसले आणि एका टन उसामागे मिळणारी वीज कितीतरी वाढली. उष्ण कटिबंधातल्या ऊस पिकवणाऱ्या देशांनी हे काम जाऊन पाहिलं आहे. त्याची वाखाणणी व्हायलाच हवी.

पण त्याच बॉयलरला दुसरं तोंड आहे. चिपाड संपलं की त्यात कोळसा पडतो. यंत्रं तीच, कामगार तेच, ग्रिडला जोडणाराही एकच फीडर. जानेवारी ते मे हा कारखाना कोळशाचं वीजकेंद्र होऊन बसतो, आणि कोळसा बराचसा दक्षिण आफ्रिकेतून जहाजाने येतो. म्हणून ‘कोळसा बंद’ हे वाक्य कागदावर लिहायला सोपं असलं तरी त्यासाठी एखादं जुनं केंद्र कुलूपबंद करून भागत नाही. बेटाच्या सर्वांत चांगल्या हरित यंत्रासाठी वर्षाचे पाच-सहा महिने दुसरं जळण शोधावं लागतं. लाकडाच्या चिपा, शेतातलं पाचट, मुद्दाम लावलेलं उंच तंतुमय ऊसवाण, सगळ्यांचा विचार चालू आहे. पण पाचट सगळं उचललं तर खोडव्याच्या मुळाशी आच्छादन काय राहणार, हा प्रश्न आपल्या शेतकऱ्यालाही पडतो आणि तिथल्यालाही.

आणखी एक गाठ आहे. युरोपीय संघाने 2006 पासून टप्प्याटप्प्याने साखरेचा हमीभाव 36 टक्क्यांनी उतरवला आणि 2017 मध्ये कोटेही काढले. छोट्या शेतकऱ्यांना ऊस परवडेना, रानं पडीक राहिली, काहींवर बंगले उभे राहिले. ऊस घटला तसं चिपाडही घटलं. ब्रुसेल्समध्ये साखरेच्या भावावर सही करणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसेल, पण त्या सहीने एका बेटाच्या हवामान-वचनाचा पाया खचला.

साडेसात

क्युरपीपहून पोर्ट लुईकडे मेट्रो भरून उतरते. भारताच्या अर्थसाह्यातून झालेला हा रेल्वेमार्ग मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने बांधला. पहिला टप्पा 2019 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि 2022 मध्ये मार्ग क्युरपीपला पोचला. डिझेलच्या बसमधून उतरून माणूस विजेच्या डब्यात बसला ही चांगली गोष्ट. मात्र ती वीज कशाची, हा प्रश्न पुन्हा नियंत्रण कक्षाकडेच जातो.

सकाळी दहा

वचनाचा दुसरा भाग, बदललेल्या हवेशी जुळवून घेण्याचा, किनाऱ्यावर आहे. पुळणीवर कर्मचारी ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर आणि वाळूचा उतार मोजत असतात. पुळणीला लागून सुरूची रांग, तिथल्या क्रिओल भाषेत फिलाओ. बऱ्याच ठिकाणी त्यांची मुळं उघडी पडली आहेत आणि काही झाडं आडवी झाली आहेत. कोकणच्या माणसाला हे दृश्य बघून वेगळं काही सांगावं लागणार नाही. बेटाला प्रवाळाच्या कड्याची तटबंदी आहे, लाटा तिच्यावर फुटतात आणि आतलं उथळ पाणी शांत राहतं. समुद्र तापला की प्रवाळ पांढरं पडतं. प्रवाळ मेलं की कडा झिजतो आणि लाट आत येते. नवी वाळूही त्या प्रवाळातूनच तयार होते, म्हणजे तीही आटते. पूर्वी बांधकामासाठी याच उथळ पाण्यातून वाळू उपसत. 2001 मध्ये ते बंद केलं आणि बेट फोडलेल्या बेसॉल्टच्या कचीवर आलं. उपसणाऱ्यांच्या पोटावर पाय आला, पण निर्णय योग्य होता आणि तो वेळेवर झाला.

दक्षिणेला रिव्हिएर दे गाले नावाचं गाव आहे. चक्रीवादळात समुद्र थेट घरात शिरतो. आंतरराष्ट्रीय अनुकूलन निधीच्या प्रकल्पासाठी ज्या तीन जागा निवडल्या त्यांतली ही एक. उत्तरेची मों श्वाझीची पुळण दुसरी, पूर्वेचं कात्र सर तिसरं. कात्र सरला वादळात आसऱ्याला जाता यावं म्हणून केंद्र बांधलं. तीन जागांचं हे काम व्हायला काही वर्षं गेली. बेटाचा किनारा तीनशे किलोमीटरहून लांब आहे.

इथे पैशाचं बोलायला हवं. 2021 च्या वचनपत्रात एकूण खर्च साडेसहा अब्ज डॉलर धरला आहे. त्यातले सुमारे दोन अब्ज उत्सर्जन कमी करायला आणि साडेचार अब्ज बदललेल्या हवेशी जुळवून घ्यायला. जो धूर मुख्यतः दुसऱ्यांनी सोडला त्याला तोंड देण्याचा खर्च स्वतःचा धूर आवरण्याच्या दुपटीहून जास्त. यातला पासष्ट टक्के पैसा बाहेरून येईल अशी अपेक्षा होती. पण दरडोई उत्पन्न बरं असल्याने स्वस्त कर्जाच्या रांगेत मॉरिशस मागे उभं राहतं. एका वादळात वर्षभराची कमाई धुऊन जाऊ शकते, हे त्या उत्पन्नाच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ऑगस्ट 2024 मध्ये असुरक्षितता मोजणारा नवा निर्देशांक स्वीकारला तो अशाच देशांच्या आग्रहामुळे. कर्ज देणाऱ्यांनी तो वापरायला हवा. नुसता स्वीकारून रिव्हिएर दे गालेत एक दगडही पडत नाही.

याच दिवसांत किनाऱ्याजवळच्या मराठी घरांत गणपतीची तयारी चालू असते. 1834 नंतर गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्यांची ही पाचवी-सहावी पिढी. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि बऱ्याच मूर्ती समुद्रात विसर्जित होतात. ज्या पुळणीवरून आजोबा मूर्ती घेऊन पाण्यात उतरले ती पुळण नातवासाठी अरुंद झालेली असते.

दुपारी बारा

सूर्य माथ्यावर. आँरिएत्ताचं सौरकेंद्र, घरांची आणि दुकानांची छपरं, सगळी भरात. मग आग्नेयेचे वारे ढग आणतात आणि काही मिनिटांत उत्पादन कोसळतं. मोठ्या देशात एका गावावरचा ढग ग्रिडला जाणवत नाही. इथे जाणवतो, आणि 50 चा आकडा हलतो. तो सावरायला आता बॅटऱ्यांचे संच बसवले आहेत. जनित्राला वेग घ्यायला वेळ लागतो, बॅटरी क्षणात हातभार लावते. जास्त सौरऊर्जा घेण्याची वाट इथूनच जाते. पवनचक्क्यांची अडचण चक्रीवादळ. मॉरिशसच्याच रॉड्रिग्स बेटावर तर वादळाआधी आडव्या निजवता येतील अशा पवनचक्क्या लावल्या.

दुपारी तीन

पोर्ट लुईत गटारं उपसण्याचं काम चालतं, पावसाळ्याच्या आधी. 30 मार्च 2013 ला दोन तासांच्या आत दीडशे मिलिमीटर पाऊस झाला आणि राजधानीत 11 माणसं गेली, त्यातली काही भुयारी रस्त्यात. 2017 मध्ये जलनिचऱ्यासाठी वेगळा कायदा झाला आणि प्राधिकरण आलं. तरी 15 जानेवारी 2024 ला बेलाल वादळाच्या पुरात त्याच शहरात गाड्या तरंगत गेल्या. गटार रुंद करणं याला कोणी हवामान-कृती म्हणत नाही. माझ्या लेखी वचनपत्रातलं सर्वांत निकडीचं काम तेच आहे.

संध्याकाळी सहा ते नऊ

सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. सौरवीज शून्यावर येते, आणि नेमके त्याच वेळी घरोघरी दिवे, टीव्ही, इस्त्री, ओव्हन सुरू होतात. नियंत्रण कक्षातला अभियंता एकेक यंत्र बोलावतो. आधी शांपान्यचं जलविद्युत केंद्र, 30 मेगावॉट, बेटावरचं सर्वांत मोठं. त्याचं पाणी जपून ठेवलेलं असतं ते याच तीन तासांसाठी. कारखान्यांचं चिपाड चालूच असतं. आणि मग बंदराजवळची फर्नेस तेलावरची मोठी इंजिनं. अगदी अडचण आली तर रॉकेलवरची टर्बाइनं, सर्वांत महागडी.

या तीन तासांना वळण लावायचे प्रयत्न जुने आहेत. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने देशाची घड्याळं तासभर पुढे केली. संध्याकाळी उजेड जास्त राहील, दिवे उशिरा लागतील, शिखर उतरेल असा हिशेब होता. 2009 च्या मार्चमध्ये घड्याळं मागे आली आणि पुढच्या वर्षी तो प्रयोग पुन्हा झाला नाही. उष्ण कटिबंधातल्या बेटावर दिवसाची लांबी उन्हाळ्या-हिवाळ्यात फार बदलत नाही, त्यामुळे काटे फिरवून मिळणारही थोडंच होतं. आता उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रांमुळे दुपारचाही भार वाढला आहे आणि एकूण मागणी 500 मेगावॉटच्या पुढे जाते.

वर्षाचा हिशेब केला तर ऐंशी टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळसा आणि तेलातूनच येते. साठ टक्क्यांचं वचन अडतं ते दुपारी बाराला नाही, संध्याकाळी सातला अडतं. दुपारची छपरं वाढवणं सोपं आहे, तो फोटो छानही येतो. पण दुपारचं ऊन साठवून सातपर्यंत आणणाऱ्या बॅटऱ्या, पाणी वर चढवून साठवणारी धरणं, इस्त्री-गीझर दुपारी चालवणाऱ्याला कमी दर, यांवर पैसा लागला तरच तेलाची इंजिनं थंड राहतील.

या देशात तेलाची आठवण ताजी आहे. 25 जुलै 2020 ला वाकाशिओ हे जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळावर चढलं आणि त्याच्या इंधनटाक्यांतलं सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडलं. तेव्हा माएबूरच्या धक्क्यावर हजारो माणसं जमली. त्यांनी कापडाच्या लांब पिशव्यांत उसाचं पाचट भरून तरंगते बांध शिवले आणि स्वतःच्या हातांनी समुद्रात ओढले.

रात्री दहा

भार उतरतो. तेलाची इंजिनं एकेक करून थांबतात, शांपान्यची दारं मिटतात, कारखान्यांचं चिपाड रात्रभर चालू राहतं. पाळी बदलताना अभियंता उद्याचा आराखडा पुढच्याच्या हाती देतो: कुठल्या कारखान्याची किती वीज येणार, ढगांचा अंदाज काय, धरणात पाणी किती. सप्टेंबरमध्ये या आराखड्यात चिपाडाच्या ओळीत भरभक्कम आकडा असतो. जानेवारीत त्याच ओळीत कोळसा लिहावा लागतो. तिथे दुसरं काय लिहिता येईल हे ठरवण्यासाठी साठवणूक, जळण आणि स्वस्त कर्ज यांचे करार आधी व्हावे लागतात. त्यातल्या शेवटच्या करारावर सही करणारे बहुतेक बेटाबाहेर राहतात.