तीस वह्या आणि पस्तीस मिनिटं

लेखन-कार्यशाळा म्हणजे मुलांनी वर्गात नेमाने थोडा वेळ आपल्या मनातलं लिहायचं आणि शिक्षकांनी एकेकापाशी जाऊन त्या लिखाणाबद्दल बोलायचं. ऐकायला छान वाटतं. पण शिक्षक लगेच विचारतात, "रोज तीस वह्या तपासायच्या कधी?" प्रश्न रास्त आहे.

आधी ही भानगड हवीच कशाला, ते बघू. 2011 ते 2016 या काळात शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातलं यादगीर आणि आपल्या शेजारचं वाडा (2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात) इथल्या पहिली ते तिसरीच्या मुलांचा अभ्यास केला. लेखन म्हणजे बहुतेक वेळा फळ्यावरचं उतरवून घेणं, असं त्यात दिसलं. म्हणजे हात चालतो, पण मुलाला काय सांगायचंय ते कुणी विचारतच नाही.

आता तपासणीचं. अमेरिकेत डोनाल्ड ग्रेव्हज यांनी 1978 ते 1980 मध्ये एका शाळेतल्या मुलांना लिहिताना जवळून पाहिलं. त्यांचा भर लाल पेनावर नव्हता, लिहिता लिहिता होणाऱ्या छोट्या गप्पांवर होता. इथेच शिक्षकांचं ओझं हलकं होतं.

हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक. तासिका 35 मिनिटांची धरा. सात मिनिटं एकच मुद्दा शिकवा, उदाहरणार्थ, गोष्टीची सुरुवात. वीस मिनिटं सगळे लिहितील, तेवढ्यात पाच मुलांशी चार-चार मिनिटं बोला. उरलेल्या आठ मिनिटांत दोघं-तिघं वाचून दाखवतील. सहा दिवसांत तीसही मुलं झाली! वर्गात 45 असतील तर नऊ दिवस लागतील, इतकंच. वाचनाच्या तासालाही हीच घडी चालते: मुलं आपापलं पुस्तक वाचतात, तुम्ही पाच जणांजवळ बसता.

बोलताना एकच गोष्ट सुचवा. शुद्धलेखनाच्या दहा चुका एकदम दाखवल्या, की मूल पुढच्या वेळी दोनच ओळी लिहितं.

बाकीची पंचवीस मुलं तोवर गोंधळ घालतील ना? म्हणून पहिला आठवडा फक्त सवयी लावा: शब्द अडला तर जमेल तसा लिहून पुढे जायचं, झालं तर चित्र काढायचं किंवा नवं लिहायला घ्यायचं.

विषय शोधायला लांब जायला नको. उत्तनच्या मुलाकडे होडी आणि सुकत घातलेली मासळी आहे, भाईंदरच्या मुलीकडे मिठागरं आणि लोकलची गर्दी. घरची बोली वेगळी असेल तर पहिल्या खर्ड्यात ते शब्द येऊ द्या. प्रमाण मराठी दुसऱ्या खर्ड्यात बघता येईल.

रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन तासिका घ्या. पण वार ठरलेले हवेत. उद्या लिहायचंय हे माहीत असलं, की मूल आजपासूनच विषय शोधू लागतं.