बारा इंचांचा हिशेब

कवी म्हणून मला लोक बोलावतात ते कवितेवर बोलायला, नाहीतर ईदच्या दिवशी शिरखुर्म्यावर बोलायला. सायकलवर बोला, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. खरं तर या विषयावरचा माझा हक्क कवितेपेक्षा जुना आहे. साताऱ्यात माझ्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बी. ए. होईपर्यंत माझ्या सगळ्या सुट्ट्या पंक्चर शोधायच्या पाण्याच्या घमेल्यापाशी गेल्या. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे मला समासांच्या आधी कळलं.

म्हणूनच पुढे जे घडलं त्याची मला जास्त लाज वाटली.

धाकटी लेक नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिची जाड टायरची, २१ गिअरची माउंटन बाइक अंगणात पडून राहिली. त्याच सुमारास डॉक्टरांनी मला रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवला. मी सायकल पुसून बाहेर काढली. रोज फजरच्या नमाजनंतर यवतेश्वरच्या घाटात निम्म्यापर्यंत चढायचं आणि परत यायचं. दोन पावसाळे असे गेले. मग गिअर बदलताना चेन कुरकुरायला लागली. मी बाजारातून नवी चेन आणली आणि अर्ध्या तासात बसवली. मिस्त्रीचाच मुलगा मी, कुणाला विचारणार?

दुसऱ्या दिवशी घाटात पेडलवर उभं राहून जोर दिला आणि चेन दातांवरून सटकली. पाय रिकामाच खाली गेला, छाती हँडलवर आपटली आणि मी रस्त्याच्या मधोमध पडलो. मागून दुधाचा टेम्पो येत होता. त्याचे ब्रेक चांगले होते, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे.

चेन तर नवी होती, मग सटकली का? हेच आज सांगायचं आहे.

चेन जुनी झाली की ‘ताणली’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तिच्या पट्ट्या ताणत नाहीत. पट्ट्यांना जोडणाऱ्या पिना धुळीने, चिखलाने झिजतात. प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडते आणि शंभराहून अधिक सांधे मिळून चेन लांब होते. ही लांबलेली चेन मागच्या चकत्यांचे दातही आपल्या मापाने झिजवत जाते. झिजलेली चेन आणि झिजलेले दात यांचं एकमेकांशी जमतं. तिथे तुम्ही नवी, अचूक मापाची चेन घातलीत की ती त्या दातांत नीट बसतच नाही. सपाटीवर कळत नाही, चढावर जोर पडला की सटकते. अब्बांच्या काळ्या सायकलींना मागे एकच जाड चकती असायची. तिथे हा हिशेब सैल होता. गिअरच्या पातळ चकत्या तो सैलपणा चालवून घेत नाहीत.

हे ओळखायला महागडं उपकरण लागत नाही. सायकलच्या चेनचा प्रत्येक सांधा अर्ध्या इंचाचा असतो. म्हणजे २४ सांधे बरोबर १२ इंच. सुताराची लोखंडी टेप घ्या, कापडी नको. चेन ताठ असताना एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा आणि पंचविसावी पिन पाहा. ती बरोबर १२ इंचांवर असेल तर चेन ठीक. दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदला, चकत्या बहुधा वाचतील. तीन मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेनबरोबर चकत्याही बदलाव्या लागणार, असं धरून चाला. पडल्यानंतर मी जुनी चेन मोजली. ती तीनच्याही पुढे होती. स्वस्त वस्तू वेळेवर बदलली नाही, म्हणून मला महागडीही बदलावी लागली.

नवी चेन घेताना दुकानदाराला ‘२१ गिअर’ एवढंच सांगू नका. पुढच्या तीन आणि मागच्या सात चकत्यांचा तो गुणाकार आहे. चेन ठरते मागच्या चकत्यांवरून. सहा, सात आणि आठ चकत्यांना साधारण एकच चेन चालते. नऊ, दहा यांच्या चेन त्याहून पातळ. लांबी ठरवायला जुनी चेन शेजारी धरू नका, ती लांबलेली असते. तिचे सांधे मोजा आणि तेवढेच ठेवा. चकत्या बदलायच्या असतील तर आधी पाहा, चाकावर आट्यांनी बसणारं फ्रीव्हील आहे की खाचांवर सरकवलेली कॅसेट. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

टायरचंही तसंच. २६ इंची टायर द्या म्हटलं की दोन वेगळे टायर हाती येऊ शकतात. २६ गुणिले १.९५ हा जुन्या माउंटन बाइकचा, आणि २६ गुणिले १⅜ हा साध्या सायकलींचा. दोन्ही २६, पण एक दुसऱ्याच्या रिमवर बसणार नाही. म्हणून टायरच्या कडेवर ५०-५५९ अशी जोडसंख्या असते ती वाचा. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रुंदीत थोडं इकडेतिकडे चालतं, दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. माउंटन बाइकचा ५५९ आणि त्या साध्या टायरचा ५९०. नव्या साडेसत्तावीस इंचीचा ५८४, एकोणतीस इंचीचा ६२२.

आता ब्रेक. डोंगरातल्या सायकलीचा जन्मच ब्रेकच्या कटकटीतून झाला, म्हटलं तरी चालेल. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून सोडायची शर्यत सुरू केली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे, पेडल उलटं दाबलं की लागणारा. उतार संपेपर्यंत हब इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. त्यावरून शर्यतीचं नाव पडलं ‘रिपॅक’.

आपल्या सायकलीत रिमवर दाबणारे रबर असतील तर त्यांवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की ते बदला. नवं रबर रिमवरच टेकलं पाहिजे. टायरला लागलं तर टायर कापला जातो. डिस्क ब्रेक असेल तर पॅडवरचा थर एक मिलिमीटरच्या आसपास आला की बदला. या पॅडचे आकार पुष्कळ, तेव्हा जुना पॅड खिशात घालूनच दुकानात जा. चकतीला तेलाचा हात लावू नका. आणि नवे पॅड घालून थेट घाट उतरू नका. आधी सपाट रस्त्यावर वेग घेऊन पंधरा-वीस वेळा हळूहळू ब्रेक दाबा, म्हणजे ते नीट धरायला लागतात.

हे सगळं लांबवायचा उपाय अब्बा दोन शब्दांत सांगायचे, “पोंछ, फिर तेल.” आधी पूस, मग तेल घाल. चिखलावर तेल घातलं की धूळ आणि तेल मिळून घासपावडर होते. चेन कोरडी पुसायची, प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब टाकायचा, थोडा वेळ चेन फिरवायची आणि बाहेरचं तेल पुन्हा पुसून काढायचं. तेल हवं ते पिनेच्या आत.

गेल्या ईदला लेक घरी आली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीबरोबर कासला सायकलने जाते म्हणाली. मी टेप लावली. बारा इंच आणि वर बरोबर दीड मिलिमीटर.

“पप्पा, एवढ्यानं काय होतंय? एक दिवस चालेल की.”

मला तो दुधाचा टेम्पो आठवला. नवी चेन मी आधीच आणून ठेवली होती. रात्री अंगणात दिव्याखाली आम्ही दोघं बसलो. तिने सांधे मोजले, मी बसवली, मग गल्लीच्या चढावर मी स्वतः जोर देऊन पाहिली. चकत्या वाचल्या होत्या.

सकाळी नऊला तिचा कासहून फोन आला. “पप्पा, घाट चढून आले. एकदाही सटकली नाही.”