विजेची मोटारगाडी आणि भारनियमन

विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीची चौकशी हल्ली खेड्यांतील बागाईतदारही करू लागले आहेत. परंतु एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे राज्यात जे भारनियमन झाले, तशी वेळ पुन्हा आल्यास गाडी दारात पडून राहील आणि आजाऱ्यास रात्री दवाखान्यात नेणे अशक्य होईल, अशी धास्ती त्यांस वाटते. ही धास्ती अनाठायी आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र तिचा निर्णय हिशेबाने करावा.

घरातील १५ अँपियरच्या सॉकेटमधून अशी गाडी तासास सुमारे ३ युनिट वीज घेते. मध्यम आकाराची गाडी एका युनिटात ६ ते ७ किलोमीटर चालते. तालुक्याच्या गावी जाऊन येण्यास ४० किलोमीटर पडत असतील, तर रोज ६ ते ७ युनिट, म्हणजे दोन-सव्वादोन तासांची वीज पुरेशी होते. सबब दिवसातून सहा-आठ तास वीज गेली तरी नित्याच्या कामास अडथळा येत नाही. मध्येच वीज गेल्याने बॅटरीचे नुकसान होत नाही. बहुतेक गाड्यांत वीज परतताच चार्जिंग आपोआप पुढे सुरू होते.

अडचण येते ती बॅटरी रिकामी होईपर्यंत वाट पाहणाऱ्यास. ३० युनिटांची बॅटरी पूर्ण भरण्यास दहा तासांहून अधिक वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच रात्री वीज गेली तर उपाय राहत नाही. म्हणून वीज असेल तेव्हा थोडे थोडे भरीत जावे व ४० टक्क्यांखाली साठा उतरू देऊ नये. एवढ्या साठ्यात सुमारे ८० किलोमीटर जाता येते. कालव्याच्या पाळीवर पीक काढणाऱ्यास ही शिस्त नवी नाही.

वीज जाण्याहून कमी दाबाचा त्रास अधिक असतो. जेथे वस्ती व शेतीपंप एकाच रोहित्रावर आहेत, तेथे वीज येताच ऑटो स्विच लावलेले सर्व पंप एकदम सुरू होतात व दाब खाली येतो. अशा वेळी चार्जर मंदावतो किंवा बंद पडतो. वीज आल्यावर अर्धा तास थांबून गाडी लावणे बरे. मीटरपासून सॉकेटपर्यंत जाड तारेची स्वतंत्र लाईन, तिला एमसीबी व चांगले अर्थिंग ही अवश्य करून घ्यावीत. इस्त्री काही मिनिटे चालते, गाडी कित्येक तास वीज ओढते. बारीक तार तापून आग लागण्याचा संभव असतो. शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी भरणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर होय.

छपरावरील सौर संचाविषयी एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. असा संच चांगल्या उन्हात रोज सुमारे १२ युनिट देतो. परंतु बॅटरीविना बसविलेला संच वाहिनीतील वीज जाताच भर दुपारीही बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवासाठी ही योजना केलेली असते. भारनियमनात गाडी भरावयाची असेल, तर बॅटरीसह संच घ्यावा लागेल व त्याचा खर्च वेगळा धरावा. घरच्या लहान इन्व्हर्टरवर मात्र हे काम होत नाही. त्याच्या बॅटरीत जेमतेम पावणेदोन युनिट वीज असते.

काही नव्या गाड्या आपल्या साठ्यातून बाहेरही वीज देतात. तीवर दिवे, पंखे चालवावेत. पण ती घराच्या वायरिंगमध्ये कदापि सोडू नये, कारण उलट जाणारा प्रवाह खांबावरील माणसाचा प्राण घेऊ शकतो.

गाडीसाठी लाखो रुपये देण्यापूर्वी आमच्या वाचकांनी एक महिना वहीत रोज टिपून ठेवावे: वीज केव्हा आली, केव्हा गेली, दाब किती होता व आपला प्रवास किती झाला. रोज चार तास २०० व्होल्टांहून अधिक दाबाची वीज खात्रीने मिळत असेल, तर गाडी खुशाल घ्यावी. तेवढी मिळत नसेल, तर तूर्त पेट्रोलची गाडी मोडीत काढू नये.