मामींची बंदूक कोण घेणार?

बालाघाट जिल्ह्यातील बिरसा हे माझे आजोळ. शेतात रानडुकरांचा त्रास, म्हणून मामांनी परवान्याची बारा बोअरची दुनळी बंदूक ठेवली होती. मामा गेल्यावर ती रीतसर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झाली. ठेवण्याचे भाडे दरमहा चढते आहे. बंदूक विकून नातीच्या शिक्षणाला चार पैसे यावेत, एवढीच मामींची इच्छा.

पण ही काही जुनी सायकल नव्हे. गिऱ्हाईकही परवानाधारकच लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विक्रीची लेखी सूचना जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला देऊन निदान ४५ दिवस थांबावे लागते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचे शौकीन ओसरले. २०१९ च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा उरली, तेव्हा अनेकांची तिसरी बंदूक विक्रीला निघाली. कोडगूत कोडवांना परवान्यातून सूट आहे. आपल्या घरी मराठी बोलोत की कन्नड, नियम हाच.

घेणारा नळीत गंज आहे का, घोडा-चाप नीट चालतात का, क्रमांक कागदाशी जुळतो का, हे पाहतो. खंडेनवमीला, म्हणजे आपल्या कन्नड घरांतल्या आयुधपूजेला, तिला लागलेल्या हळदकुंकवाचे पैसे तो देत नाही.

म्हणून मामींना म्हटले, मागणी थोडी खाली आणा. वर्षभर अडून बसलो, तर वाढलेला भाव भाड्यातच जाईल. मामी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “कागद काढ.”