कोटाच्या आत

परतूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमका त्याच महिन्यात आमच्याकडचा नवरदेव सूट घालतो. बिचारा घामाने निथळतो, पण कोट काही काढत नाही. वऱ्हाडी मंडळी कापड बघतात, रंग बघतात, एखादा जाणकार कंपनीचे नाव विचारतो. कोटाच्या आत काय आहे, हे मात्र कोणीच विचारत नाही. खरे तर कोट उभा राहतो तो आतल्याच्या जोरावर.

सदरा खुंटीला टांगला की मलूल होतो. चांगला कोट टांगल्यावरही त्याची छाती भरलेली दिसते. याचे गुपित वरचे कापड आणि आतले अस्तर यांच्यामध्ये दडलेले असते. तिथे असतो कॅनव्हास. तंबूचा नव्हे, खास कोटासाठी विणलेला. त्याच्या आडव्या धाग्यांत बकरीचे किंवा घोड्याचे केस मिसळलेले असतात. केस दुमडला तरी पुन्हा सरळ होतो. हाच गुण कोटाला हवा असतो. छातीपाशी घोड्याच्या केसांचे आणखी एक ताठ कापड लावतात आणि ते केस टोचू नयेत म्हणून त्यावर मऊ फेल्ट. खांद्यात कापसाच्या पातळ थरांची गादी. कापूस पिकवणाऱ्या आमच्या मुलखाला कोटातली ही जागा तरी ओळखीची वाटावी!

हे थर एकमेकांना जोडायचे ते हाताने. आधी कच्चा धावदोरा घालून सगळे जागेवर बसवायचे. मग छातीवर उलटणाऱ्या पट्टीत, म्हणजे लॅपेलमध्ये, तिरपे बारीक टाके घालायचे. सुईने वरच्या कापडाचा जेमतेम एखादा धागा उचलायचा. बाहेरून टाका दिसता कामा नये. टाके घालताना पट्टी बोटावर वळवून धरतात, म्हणून ती पुढे वळलेलीच राहते. इस्त्रीने दाबून आणलेले वळण चार दिवसांचे, टाक्यांनी दिलेले कायमचे. छातीचा कॅनव्हास मात्र कापडाला सर्वत्र शिवून टाकत नाहीत. तो आत मोकळा राहतो आणि घालणाऱ्याच्या अंगाप्रमाणे हळूहळू वळतो. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या प्रसिद्ध गल्लीत एका सुटामागे किमान ५० तासांचे हातकाम असावे, असा तिथल्या संघटनेचा दंडकच आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या ५० तासांना पर्याय निघाला. अस्तराखालच्या कापडावर डिंकासारख्या चिकट पदार्थाचे बारीक ठिपके द्यायचे, ते वरच्या कापडाला लावायचे आणि गरम यंत्राखाली काही सेकंद दाबायचे. झाले! यालाच फ्यूजिंग म्हणतात. पूर्वी असा कोट धुवायला गेला की चिकटवण सुटून छातीवर फुगे यायचे. आता तंत्र सुधारले आहे. तरीही चिकटवलेले ते चिकटवलेले. त्यात अंगाप्रमाणे वळण्याची मुभा कमी.

म्हणून फ्यूजिंगला नाक मुरडावे का? मला तसे वाटत नाही. मराठवाड्यात कोट म्हटला की आधी आठवतो तो बाबासाहेबांचा. गावोगावच्या पुतळ्यांवरचा तो निळा कोट म्हणजे फॅशन नव्हे. ज्यांनी अंगावर काय घालावे हेही दुसरे ठरवत होते, त्यांच्यासाठी ती ताठ मानेची खूण आहे. शेतमजुराचा मुलगा आज लग्नात सूट घालतो, तो स्वस्त झालेल्या फ्यूजिंगमुळेच.

पण या स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजलीच. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९८० साली देशभर लागू झाला. त्यातून शिलाई मशीनसाठी कर्जे दिली जात. आम्ही मशीन बघायला जायचो, तिचा नंबर लिहून घ्यायचो. कॅनव्हासच्या कामाला मात्र मशीन लागतच नाही. सुई, दोरा, बोटात अंगुस्तान आणि बसायला चांगला उजेड, एवढेच त्याचे भांडवल. मशीनला अर्जात रकाना होता, त्या हाताला नव्हता. तयार कोटांची दुकाने आली तेव्हा मशीनवाल्यांनी पडदे, ब्लाउज, शाळेचे गणवेश शिवून दिवस काढले. तिरपा टाका घालणाऱ्या कारागिराला दुसरे काम कोणी दिले नाही, आणि त्याने तो टाका मुलाला शिकवलाही नाही. कोणत्या तोंडाने शिकवणार?

तेव्हा या लग्नसराईत कोट घ्याल किंवा शिवाल तर एक करा. खालच्या काजाजवळ वरचे कापड आणि आतले अस्तर दोन चिमटीत धरून अलगद दूर ओढा. मध्ये तिसरा थर मोकळा सरकताना लागला तर समजा, आत कॅनव्हास आहे. आणि शिवणी उलटून बघा. शिवणीत ठेवलेल्या जादा कापडाला आपल्याकडे शिंपी ‘माया’ म्हणतात. तयार कोटात ती बहुधा बोटभरही नसते. मास्तरांना सांगा, थोडी जास्त ठेवा. नवरदेव चार वर्षांत अंगाने भरेल, कोट उसवून सैल करता येईल, आणि पुढे त्याचा मुलगा लग्नाला उभा राहील तेव्हा तो त्यालाही बसवून घेता येईल. मात्र तो उसवून पुन्हा शिवणारा कोणीतरी तोवर गावात उरला पाहिजे.