किनारा शिकवणारा प्राध्यापक आणायचा कुठून?

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल, म्हणून थेट जाहिरातीपासूनच सुरुवात करू. 'सहायक प्राध्यापक, पर्यावरण विज्ञान, पद एक.' कोकणातल्या महाविद्यालयाची जाहिरात असली तरी मजकूर साधारण एवढाच, आणि लातूर-यवतमाळच्या जाहिरातीतही तो तितकाच शोभला असता. समुद्र त्यात कुठेच नाही. आम्ही काही जण किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांना अभ्यासक्रम आखायला हातभार लावतो. दर वेळी गाडी इथेच अडते. अभ्यासक्रम किनाऱ्याचा आखला, पण तो शिकवणार कोण?

मुळात पर्यावरण हा विषय महाविद्यालयांत आला तोच बिनपदाचा. १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण अनिवार्य करा असं सांगितलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखून दिला. पन्नास तासिका आणि शंभर गुण, त्यांतले ७५ लेखी आणि २५ क्षेत्रकार्याचे. तो शिकवायचा कोणी? बहुतेक ठिकाणी ज्याचा कार्यभार कमी भरतो त्याने. कुठे वनस्पतिशास्त्राचे सर, कुठे भूगोलाच्या मॅडम, नाहीतर तासिका तत्त्वावर नेमलेला कोणी. आता तासाच्या हिशेबाने मानधन घेणारा माणूस पोरांना घेऊन पाच तास खाजणात गेला, तर त्याचं बिल कसं करायचं? कारकुनाकडे त्यासाठी रकाना नसतो. मग क्षेत्रकार्य म्हणजे आंतरजालावरून उतरवलेला प्रकल्प, हे ओघानेच आलं.

पण केवळ पद मंजूर झालं म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. किनारा शिकवणं वेगळं का, हे समजायला भरती-ओहोटीचं गणित बघा. आपल्याकडे दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. या मंगळवारी अकराला सुकती असेल, तर पुढच्या मंगळवारी अकराच्या आसपास भरती. वेळापत्रकात 'मंगळवार, ११ ते १, प्रात्यक्षिक' असा चौकोन आखला की दर दुसऱ्या आठवड्याला वर्ग पाण्यात.

आणि खरी गंमत पुढेच आहे. दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडच्या भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. अमावास्या-पौर्णिमेला म्हणजे उधाणाला साधारण सव्वाअकरा-बाराला. आता उलटं मोजा. उधाणाची सुकती, जेव्हा पाणी सर्वांत लांब ओसरतं, खडक उघडे पडतात, तिसऱ्या-कालवं काढायला बायका उतरतात, ती येते पहाटे पाच-सहाला आणि संध्याकाळी. महाविद्यालयाच्या वेळेत, भर दुपारी, सुकती मिळते ती अष्टमीच्या सुमाराची, भांगाची. तेव्हा पाणी फारसं हटतच नाही. म्हणजे दहा ते पाच या वेळेत किनाऱ्याचा सर्वांत चांगला भाग कधी दिसणारच नाही! ज्याला हे ठाऊक आहे आणि जो पहाटे साडेपाचला पोरांना घेऊन उभा राहील, असा माणूस आपल्याला हवा आहे.

निवडीचे नियम काय मोजतात? आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते ठरवणारा गुणतक्ता आहे. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठी पीएचडीचे ३० गुण, शोधनिबंधाला प्रत्येकी दोन याप्रमाणे जास्तीत जास्त १०, अध्यापनाच्या किंवा पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या अनुभवाचे १०. कांदळवनात काढलेल्या वर्षांना वेगळा गुण नाही, मच्छीमारांशी त्यांच्या बोलीत बोलता येण्यालाही नाही. तक्ता वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. वशिल्याला थोडा आळा बसतो, हे खरंच. पण तो समुद्राकडे पाठ करून बसलेला आहे.

त्यात पात्रता परीक्षांच्या वाटाही वेगळ्या. पर्यावरण विज्ञानाची नेट विद्यापीठ अनुदान आयोगाची. सागरविज्ञान भूविज्ञान-वातावरणाबरोबर सीएसआयआरच्या नेटमध्ये. मत्स्यविज्ञानवाल्यांची परीक्षा कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाकडे. एकाच खाडीचे तीन जाणकार तीन दारांनी येतात. जाहिरातीत 'संबंधित विषय' एवढंच छापलं, तर दारावर कोण अडेल हे छाननी करणारा ठरवणार. म्हणून आमचा आग्रह असा, की जाहिरातीआधीच विषयतज्ज्ञांकडून संलग्न विषयांची यादी लेखी मंजूर करून घ्यावी आणि ती जाहिरातीत छापावी. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

माणसं नाहीत असं मात्र नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, गोवा विद्यापीठात सागरविज्ञान शिकवतात. तिथून तयार झालेली मुलं प्रकल्पांवर कंत्राटाने फिरत राहतात, कारण कायम पद निघेपर्यंत वय निघून जातं.

मुलाखतीत काय विचारावं? प्रबंधाचं शीर्षक विचारून वीस मिनिटं घालवू नयेत. समोर भरतीचं कोष्टक ठेवावं आणि म्हणावं, 'तीस मुलं आहेत, खाजणात न्यायची आहेत, महिन्यातला दिवस आणि वेळ निवडा.' मग किनारा क्षेत्राचा नकाशा द्यावा आणि भरतीरेषा दाखवायला सांगावं. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांत बांधकामाला मनाई ५० मीटरपर्यंत, विरळ वस्तीत २०० मीटरपर्यंत. हे अंतर भरतीरेषेपासून मोजतात. रेषा कुठे ओढली यावर कुणाचं घर, कुणाची मासळी वाळवायची जागा कुठल्या पट्ट्यात येते ते ठरतं. या नकाशांवर जनसुनावणी होते तेव्हा आपलेच विद्यार्थी तिथे बसलेले असतात. त्यांना तो नकाशा वाचता येतो का?

शेवटी आलेला एक प्रश्न घेतो. 'एखाद्या जाणत्या मच्छीमारालाच प्राध्यापक का करत नाही?' वाट आहे. आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय केली. औपचारिक पदवीची सक्ती नाही, पण त्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काढलेली हवीत. अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत करता येतात, त्या मंजूर पदांखेरीज असतात, आणि मुदत तीन वर्षं, फार तर चार. रापणीवर आयुष्य काढलेल्या तांडेलाला या चौकटीत बसवायला हरकत दिसत नाही. अडचण वेगळीच येते. व्यवस्थापन म्हणतं, मग कायम पद कशाला मागता? तिथे आमचं उत्तर ठरलेलं आहे. तांडेल दोन गोष्टी अशा सांगेल ज्या कुठल्याच पुस्तकात नाहीत, पण उत्तरपत्रिका तपासायला, प्रयोगशाळा उभी करायला, दहा वर्षांच्या नोंदी एका वहीत ठेवायला कायमचा माणूस लागतो. तेव्हा अर्ज दोन्हींसाठी करा, आणि कायम पदाचा आधी. बिंदुनामावली तपासून घेण्यातच महिने जातात.